तारखा न पाहता वाचलेला अहवाल: नागपुरातील एका बालवाडीतले रुबेला प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या रिंग रोडबाहेरच्या एका वस्तीतली खासगी बालवाडी. तीन ते पाच वर्षांची ३४ मुले, दोन शिक्षिका, एक मदतनीस. वस्तीतली निम्मी घरे जुनी आणि निम्मी बांधकामावर आलेल्या मजुरांची. काही कुटुंबे छिंदवाडा-बालाघाटकडून आलेली, त्यामुळे लसीकरणाची कार्डे एकतर दुसऱ्या राज्यातली किंवा गावी ट्रंकेत राहिलेली. या लेखात नावे आणि वस्तीची ओळख दिलेली नाही. तारखांऐवजी दिवस मोजले आहेत: पहिल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठले तो दिवस ०.

फेब्रुवारी संपत आला होता. रुबेला म्हणजे गोवरासारखे पण सौम्य पुरळ आणणारा विषाणूचा आजार. त्याच्या साथी बहुधा हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. नागपुरात नेमक्या याच दिवसांत पारा चढू लागतो आणि लहान मुलांच्या मानेवर, पाठीवर घामोळे दिसू लागते. चार वर्षांच्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर फिकट लाल पुरळ आले, दुसऱ्या दिवशी ते छातीपोटावर उतरले आणि तिसऱ्या दिवशी चेहरा साफ झाला. ताप जेमतेम होता. घरच्यांनी घामोळेच धरले. फरक दाखवणारी खूण कोणी पाहिली नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते: कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला हरभऱ्याएवढ्या, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. घामोळ्याने त्या गाठी येत नाहीत. गोवरात ताप चांगलाच चढतो, खोकला असतो, डोळे लाल होतात, मूल मलूल पडते. रुबेलात मूल अंगणात खेळत असते. शिवाय लागण झालेल्यांपैकी २५ ते ५० टक्के जणांना काहीच लक्षण जाणवत नाही.

मुलासाठी हा आजार तीन दिवसांचा पाहुणा. पोटातल्या गर्भासाठी तसे नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे दाखवून दिले, तेव्हापासून हे माहीत आहे. पहिल्या ८ ते १० आठवड्यांत आईला लागण झाली तर ९० टक्क्यांपर्यंत बाळांना दोष होतो, आणि बहुतेकदा एकापेक्षा जास्त: हृदय, डोळे, कान, मेंदू. ११ ते १६ आठवड्यांत हे प्रमाण सुमारे १० ते २० टक्क्यांवर येते आणि तेव्हा फटका मुख्यतः श्रवणाला बसतो. त्यानंतर दोष विरळ. म्हणून या प्रकरणात प्रत्येक निर्णय शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबतो: लागण कोणत्या आठवड्यात?

पेच

दिवस २ ला मुलाला खासगी डॉक्टरांकडे नेले. गोवर आणि रुबेला, दोन्हींची आयजीएम (नव्या लागणीत रक्तात आधी दिसणारी प्रतिपिंडे) तपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह आल्या. ‘व्हायरल पुरळ’ असे लिहिले गेले आणि विषय मिटला.

इथेच पहिली चूक झाली. ती अज्ञानापेक्षा घाईची होती. रुबेलात पुरळ उठते त्या दिवशी जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात आयजीएम सापडत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ते भरवशाने दिसते. त्याआधी रक्त घ्यायचेच असेल तर सोबत घशाचा स्वॅब पीसीआरसाठी (खुद्द विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) घ्यावा, कारण विषाणू घशात पहिल्या काही दिवसांतच चांगला सापडतो. दुसऱ्या दिवसाचा निगेटिव्ह अहवाल म्हणजे ‘अजून कळले नाही’. तो ‘रुबेला नाही’ असा वाचला गेला.

दिवस ४ ला वर्गातल्या आणखी एका मुलीला पुरळ आले. पालकांच्या बोलण्यात ‘गोवर निघाला’ असे शब्द येऊ लागले. दोन शिक्षिकांपैकी एक, वय २७, दुसऱ्यांदा गरोदर होती. दिवस ० ला, शेवटच्या पाळीपासून मोजून, तिचे ८ आठवडे १ दिवस भरले होते. घाबरून तिने दिवस ६ ला स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन ‘टॉर्च’ पॅनेल (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) करून घेतले. अहवाल आला: रुबेला आयजीएम निर्देशांक १.३, म्हणजे किटच्या मर्यादेच्या जरासा वर. आयजीजी, म्हणजे नंतर बनणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी प्रतिपिंडे, ९२ युनिट प्रति मिलिलिटर. आयजीएमपुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’.

दिवस ८ ला एका दवाखान्यात तिला सांगितले गेले की गर्भ ठेवणे धोक्याचे आहे. सोबत स्पायरामायसिनचा कोर्स लिहून दिला. ते औषध टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीसाठीचे. रुबेला विषाणूवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. रुबेलावर विषाणू मारणारे औषधच नाही. घरी सासूबाईंचे मत ठरले होते: पहिले मूल धडधाकट आहे, मग कशाला जोखीम? नवरा गप्प. दिवस ९ ला ती शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागात दुसरे मत घ्यायला आली.

तारखांचा हिशेब

तिथल्या डॉक्टरांनी आधी अहवाल बाजूला ठेवला आणि कागदावर एक रेघ ओढली. रुबेलाचा रुग्ण पुरळ येण्याच्या ७ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत संसर्ग देतो. म्हणजे शिक्षिकेचा त्या मुलाशी संबंध लवकरात लवकर दिवस उणे ७ ला आला. विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ यायला साधारण १४ ते २१ दिवस लागतात. आयजीएम पुरळासोबत येऊ लागते, आयजीजी त्यानंतर काही दिवसांनी. रक्त घेतले दिवस ६ ला, म्हणजे संपर्कानंतर जास्तीत जास्त १३ दिवसांनी. एवढ्या वेळात आयजीएम दिसणेही कठीण, आयजीजी ९२ पर्यंत पोचणे तर बसतच नाही. १० युनिटच्या वर आयजीजी असेल तर बहुतेक प्रयोगशाळा संरक्षण आहे असे धरतात.

ही प्रतिपिंडे या बालवाडीतून आलेली नव्हती.

पण एवढ्यावर थांबता येत नव्हते, कारण बालवाडीच्या आधी दुसरीकडून, लक्षणांशिवाय, लागण झाली असण्याची शक्यता उरत होती. ते सोडवायला एव्हिडिटी चाचणी. शरीर एखादा विषाणू पहिल्यांदा पाहते तेव्हा बनणारी आयजीजी त्याला सैल धरते. महिने जातात तशी पकड घट्ट होत जाते. प्रयोगशाळेत युरियाने धुऊन किती प्रतिपिंडे चिकटून राहतात ते मोजतात. पकड घट्ट निघाली तर लागण किंवा लस किमान तीन महिने जुनी. शिक्षिकेचे त्या दिवशी ९ आठवडे ३ दिवस भरले होते आणि गर्भधारणा जेमतेम साडेसात आठवड्यांपूर्वीची. म्हणून घट्ट पकड म्हणजे गर्भधारणेच्या आधीची लागण, असा निष्कर्ष तिच्याबाबतीत थेट काढता येत होता. हीच चाचणी २० आठवड्यांना केली असती तर घट्ट पकडीचा अहवाल फारसे काही सांगू शकला नसता. एव्हिडिटी लवकर केली तरच कामाची, हे बऱ्याचदा राहून जाते.

मग आयजीएम आले कुठून? पार्व्हो बी१९ किंवा एपस्टीन-बार विषाणूची लागण, संधिवाताचा घटक, किंवा जुन्या लशीनंतर रेंगाळलेले आयजीएम, यांपैकी कशानेही किट फसते. लक्षणे नसलेल्या गरोदर बाईची सरसकट टॉर्च तपासणी करू नये असे म्हणतात ते याचमुळे. आजार जितका विरळ होत जाईल, तितके पॉझिटिव्ह अहवालांमध्ये खोट्यांचे प्रमाण वाढत जाईल. आपल्याकडे मात्र गर्भपात झाला की टॉर्च, दिवस राहिले की टॉर्च, असा रिवाजच पडला आहे.

पर्याय

तिच्यापुढे चार वाटा होत्या. लगेच गर्भपात: कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने तो शक्य, म्हणजे घाई करण्याचे कारणच नव्हते. काहीच न करता पुढे जाणे: हिशेब पाहता वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नव्हते, पण घरात उरलेले सात महिने त्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दासोबत काढायचे होते. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून आयजीजी चौपट वाढते का पाहणे: स्वस्त, पण वाट पाहायची. आणि एव्हिडिटी: नमुना बाहेर पाठवावा लागणार, आठवडाभर थांबावे लागणार. गर्भजलाचा पीसीआर कोणीतरी सुचवला होता. तो लगेच बाद झाला, कारण तो लागणीनंतर किमान सहा आठवड्यांनी आणि गर्भ २० आठवड्यांच्या आसपास गेल्यावरच भरवशाचा असतो.

ठरले असे: एव्हिडिटी आत्ता, दुसऱ्या पद्धतीच्या किटवर आयजीएम पुन्हा, आजचा सीरम (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) उणे २० अंशांवर जपून ठेवायचा आणि तीन आठवड्यांनी नवा नमुना घेऊन दोन्ही एकाच खेपेत तपासायचे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किटवर आलेले आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नसतो. स्पायरामायसिन बंद.

दुसरा निर्णय त्याच दिवशी झाला आणि तोच या प्रकरणाला पुढे घेऊन गेला. डॉक्टरांनी पहिल्या मुलाचा निगेटिव्ह अहवाल मागवून त्यावरची तारीख पाहिली आणि मुलाचे रक्त पुन्हा घ्यायला सांगितले.

केलेली कारवाई

दिवस १३ ला मुलाचा अहवाल आला: रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह, गोवर निगेटिव्ह. ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण गोवर-रुबेला सर्वेक्षणात कळवायचा असतो. तो आता, तेरा दिवस उशिराने, कळवला गेला. दिवस ११ ते १९ दरम्यान आणखी चार मुलांना पुरळ आले. एकूण सहा. पाच जणांचे नमुने वेळेत घेता आले, चार पॉझिटिव्ह. सहापैकी पाच मुलांना एमआर (गोवर-रुबेला) लशीचा एकही डोस मिळाला नव्हता, सहाव्याचे कार्ड सापडले नाही.

दिवस १४ ला नागरी आरोग्य केंद्राच्या सिस्टर आणि आशाताई बालवाडीत आल्या. पुरळ आलेल्या मुलांनी पुरळाच्या दिवसापासून सात दिवस घरी राहायचे, हे ठरले. डोस राहिलेल्या मुलांसाठी सत्र ठेवले. पारा ३८ च्या वर जात असल्याने ते सकाळी नऊच्या आत उरकले. एमआरची कुपी आणि तिचे द्रावण दोन्ही २ ते ८ अंशांत थंड हवीत. द्रावण किमान २४ तास आधी शीतपेटीत ठेवावे लागते. गरम द्रावण घातले तर कुपीतला जिवंत विषाणू तिथेच मरतो आणि मुलाला पाण्याचीच सुई मिळते. कालवलेली लस चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. ०.५ मिलिलिटर, उजव्या दंडात, कातडीखाली.

यातही एक गैरसमज निस्तरावा लागला. पालकांना वाटत होते की संपर्क झालेल्यांना लस दिली की आजार अडेल. रुबेलात तसे होत नाही: लागण आत शिरल्यावर दिलेली लस ती रोखत नाही, इम्युनोग्लोब्युलिनवरही विसंबता येत नाही. सत्र होते पुढच्या फेरीसाठी.

दुसरी शिक्षिका आणि मदतनीस यांना लस घेतल्याचे आठवत नव्हते. दोघी गरोदर नाहीत याची खात्री करून त्यांना बाहेरून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला लस) घ्यायला सांगितले आणि पुढचा एक महिना दिवस राहू देऊ नका असे समजावले. मदतनीस स्तनपान करत होती. त्याने लशीला अडचण नसते.

आणि मग गरोदर बायांचा शोध. पालकसभेत आयांना विचारले गेले, “तुमच्यापैकी कोणी गरोदर आहे का?” दोघींनी हात वर केले, दोघी सहा महिन्यांच्या पुढच्या होत्या, दोघींचे आयजीजी पॉझिटिव्ह निघाले. यादी पूर्ण झाली असे धरले गेले.

ती पूर्ण नव्हती. पहिल्या मुलाची काकू, वय २४, पहिलटकरीण, त्याच घरात राहत होती. दिवस ० ला तिचे ११ आठवडे २ दिवस भरले होते. प्रश्न आयांना विचारला होता, काकूला नव्हे. आणि घरातही बाहेर बोलायची पद्धत नव्हती: तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचे सांगायचे नाही. रुबेला जेव्हा सर्वांत घातक असतो नेमके तेच आठवडे आपल्याकडे लपवून काढायचे असतात. शिवाय दिवस १२ ला ती भंडाऱ्याकडे माहेरी लग्नाला निघून गेली होती.

दिवस ४१ ला ती परत आली आणि तपासणीला केंद्रावर गेली. रक्तदाब घेता घेता सिस्टरने सहज विचारले, “घरात मधात कोणाले अंगावर लाल पुरळ आलं होतं का?”

“पुतण्याले आलं होतं ना. शाळेत सगळ्याइलेच आलं होतं.”

तुला काही झाले का, यावर ती नाही म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली की लग्नाच्या वेळी बोटांची पेरे आणि मनगटे दोन-तीन दिवस दुखली होती, पोळ्या लाटवत नव्हत्या. पुरळ? उन्हात घामोळे आले असेल. मोठ्या बायांमध्ये रुबेलाचे सांधे दुखणे फार सामान्य आहे. कित्येकदा लक्षात राहणारे लक्षण तेवढेच असते. लग्नाच्या तारखेवरून तो दिवस निघाला: दिवस १६. गर्भ १३ आठवडे ४ दिवसांचा.

दिवस ४४ ला रक्त घेतले, दिवस ५१ ला अहवाल आला. आयजीएम ठळक पॉझिटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, एव्हिडिटी कमी. आयजीएम सहसा सहा ते आठ आठवडेच टिकते. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर तेही हातून गेले असते.

निष्पत्ती

शिक्षिकेचा एव्हिडिटी अहवाल दिवस १७ ला आला होता: पकड घट्ट. दुसऱ्या किटवर आयजीएम निगेटिव्ह. दिवस ३० चा नमुना जपलेल्या नमुन्यासोबत तपासला, आयजीजीत फरक नाही. तिने ३९ आठवड्यांना मुलीला जन्म दिला. बाळाची श्रवण चाचणी नेहमीप्रमाणे झाली, ठीक आली. सासूबाईंनी दवाखान्यात काही कबूल केले नाही, पण बारशाला पेढे त्यांनीच आणले.

काकूचे आणि तिच्या नवऱ्याचे समुपदेशन कठीण होते. अहवालाच्या दिवशी १८ आठवडे ४ दिवस भरलेले. २० आठवड्यांची मर्यादा दहा दिवसांवर. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत कायद्यात ठरावीक परिस्थितींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने वाट आहे, पण गर्भजलाचा अहवाल येईपर्यंत पहिली मर्यादा उलटणार होती. शिवाय त्या पीसीआरने गर्भाला लागण झाली का एवढेच कळते, इजा झाली का ते नाही. सोनोग्राफीत हृदय आणि डोळे पाहता येतात, बहिरेपण दिसत नाही. त्यांना आकडे जसे आहेत तसे सांगितले: दोषाची शक्यता दहात एक ते दोन, झाला तर बहुधा ऐकण्याचा. दोघांनी चार दिवस घेतले, गर्भजल तपासणी नाकारली आणि गर्भ ठेवायचे ठरवले.

बाळ ३८ आठवड्यांचे, वजन २.३ किलो. डोळ्यांत मोतीबिंदू नाही, हृदयाची इको ठीक. दोन्ही कानांची ओएई ही श्रवणाची प्राथमिक चाचणी नापास. बाळाच्या रक्तात रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह. आईचे आयजीएम वार ओलांडत नाही, म्हणून ते बाळाचे स्वतःचेच. घशाच्या स्वॅबचा पीसीआरही पॉझिटिव्ह. अशी बाळे लघवीतून आणि लाळेतून वर्षभरापर्यंत विषाणू टाकत राहू शकतात. त्यामुळे वॉर्डात बाळाला वेगळे ठेवले, आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या परिचारिकांनाच ड्यूटी दिली आणि घरी सांगितले की बघायला येणाऱ्या बायांपैकी कोणाची पाळी चुकली असेल तर तिने बाळाला हाताळायचे नाही. तिसऱ्या महिन्यात बेरा चाचणीत (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी) दोन्ही कानांचे तीव्र बहिरेपण पक्के झाले. पाचव्या महिन्यात श्रवणयंत्रे बसली, वाचा उपचार सुरू झाले, कॉक्लियर इम्प्लांटसाठी नोंद झाली. डोळे आणि हृदय दर काही महिन्यांनी पाहायचे आहेत, कारण काही दोष उशिरा उमटतात.

वेगळे काय करता आले असते

दिवस १४ ला काकू सापडली असती तरी तिची लागण टळली नसती. पुतण्या पुरळाच्या आठवडाभर आधीपासूनच विषाणू सोडत होता. मिळाला असता तो वेळ: सोळाव्या आठवड्याच्या आत निदान, आणि निर्णयाला दहाऐवजी तीस दिवस. भंडाऱ्याच्या लग्नात तिच्या जवळ बसलेल्या बायांनाही निरोप देता आला असता. दिवस ९ ते २३ ती स्वतः संसर्ग देत होती, आणि त्या घोळक्यात कोण गरोदर होते हे आजवर कोणी विचारलेले नाही.

प्रश्नच वेगळा विचारायला हवा होता. सभेत हात वर करायला लावण्याऐवजी प्रत्येक घरी, बाईला एकटीला गाठून: “या घरात कोणाची पाळी चुकली आहे का? घरातली कोणी बाई सध्या बाहेरगावी गेली आहे का?” दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कामाचा. पहिल्या तपासणीचा सीरम एका छोट्या नळीत गोठवून ठेवला असता, तर काकूचा दहाव्या आठवड्याचा नमुना हातात असता आणि एव्हिडिटीची गरजही पडली नसती: तेव्हा आयजीजी निगेटिव्ह, आता पॉझिटिव्ह, एवढे पुरे. लहान केंद्रांत उणे २० चा फ्रीजर नसतो ही अडचण खरी आहे, पण शहरात तो असलेल्या जागा आहेत.

राहिली लस. एमआर मोहीम देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला. वयोगट ९ महिने ते १५ वर्षांच्या आतला. काकू तेव्हा १५ वर्षांच्या पुढे गेलेली होती. लहानपणी तिला गोवराची सुई मिळाली होती, पण त्या सुईत तेव्हा रुबेला नव्हता. तिच्या वयाच्या आणि तिच्याहून मोठ्या बहुतेक बायांची हीच गत: सरकारी वेळापत्रकातला रुबेला त्यांच्या मागून आला. लग्न ठरल्यावर हिमोग्लोबिन आणि रक्तगटासोबत रुबेला आयजीजी पाहणे आणि निगेटिव्ह असेल तर लग्नाच्या महिनाभर आधी एमएमआर देणे, हा खर्च घराच्या बजेटमध्ये हळदीच्या मंडपापेक्षा कमी बसतो. आणि नकळत गरोदरपणात लस घेतली गेली तरी त्यासाठी गर्भपात करायचे कारण नाही. हेही त्याच वेळी सांगावे, नाहीतर दुसऱ्याच भीतीपोटी एखादी बाई दवाखान्याच्या पायऱ्या चढते.

बालवाडीने पुढच्या जूनपासून प्रवेश अर्जात दोन रकाने वाढवले: एमआर डोसांच्या तारखा आणि कार्डाची झेरॉक्स. पहिल्याच आठवड्यात नऊ मुलांचे रकाने कोरे आले. त्यांतली सात मुले आशाताईने नागपंचमीपर्यंत केंद्रावर नेली. दोन कुटुंबे तोवर दुसऱ्या बांधकामावर गेली होती.